हाकोआ की ऑस्ट्रिया? व्हिएन्नातले दोन क्लब आणि एक गल्लत

व्हिएन्नाच्या जुन्या फुटबॉलमधला ‘ज्यू क्लब’ म्हणून कुणी हाकोआचं नाव घेतं, तर कुणी ऑस्ट्रिया व्हिएन्नाचं. दोघांचे चांगले दिवसही एकाच काळातले. देशाच्या लीगचं १९२४ आणि १९२६चं विजेतेपद आमाटोअर संघाचं, म्हणजे पुढे ज्याचं नाव ऑस्ट्रिया झालं त्याचं. मधलं १९२५चं हाकोआचं. तरी माझ्या मते ‘ज्यू क्लब’ हे नाव फक्त हाकोआलाच शोभतं.

कारण हाकोआने ते स्वतः घेतलं होतं. ज्यू माणूस अंगाने दुबळा, हा समज खोडून काढायला १९०९ साली हा क्लब निघाला. खेळाडू ज्यू आणि छातीवर दाविदाचा तारा, म्हणजे ज्यूंचं चिन्ह. १९२३मध्ये त्यांनी लंडनला जाऊन वेस्ट हॅमला ५-० हरवलं. विजेतेपदाच्या मोसमातला सामना तर ऐकण्यासारखा आहे. गोलकीपर अलेक्झांडर फाबियानचा हात जायबंदी झाला. बदली खेळाडू उतरवायची तेव्हा सोय नव्हती. हात गळ्यात बांधून तो पुढच्या फळीत खेळायला गेला आणि विजयी गोल त्यानेच मारला! पुढच्याच वर्षी अमेरिकेच्या दौऱ्यात न्यूयॉर्कला एका सामन्याला सुमारे ४६ हजार लोक आले. तिथे पैसा बरा होता, ज्यूद्वेषाचा जाच कमी होता. बरेच खेळाडू तिकडेच राहिले. संघ खिळखिळा झाला, तो पुन्हा कधी विजेता झाला नाही.

ऑस्ट्रिया क्लबाचं तसं नव्हतं. अध्यक्ष डॉ. एमानुएल श्वार्त्झ ज्यू, पदाधिकारी आणि कॅफेत रमणारे पाठीराखे यांतही ज्यू बरेच. पण संघ सगळ्यांचा होता आणि त्याचा हिरा, माथियास सिंडेलार, कामगारवस्तीत वाढलेला कॅथलिक. इथे ‘ज्यू’ हा शिक्का बहुतेक वेळा बाहेरच्यांनी मारलेला, आणि तोही हिणवायला.

१९३८ साली नाझी आले आणि दोन्ही क्लबांना झळ बसली, पण सारखी नाही. हाकोआवर बंदी आली, मैदान गेलं, त्या मोसमातले निकालही रद्द झाले. संस्थापकांपैकी फ्रिट्झ लोहनर-बेडा १९४२मध्ये आउशविट्झच्या छळछावणीत मारले गेले. ऑस्ट्रिया क्लबातून ज्यू पदाधिकारी हाकलले गेले, क्लब मात्र टिकला. श्वार्त्झना नमस्कार करू नका असं फर्मान असताना सिंडेलारने ‘मी करणारच’ असं त्यांना सांगितलं, अशी आठवण सांगतात. त्याच सिंडेलारने त्याच वर्षी एका ज्यू मालकाला सोडावं लागलेलं कॅफे घेतलं, हेही सांगायलाच हवं.

युद्धानंतर श्वार्त्झ परतले आणि पुन्हा अध्यक्ष झाले. हाकोआ १९४५मध्ये पुन्हा उभा राहिला, पण त्याचा फुटबॉल विभाग काही वर्षांतच बंद पडला. व्हिएन्नाच्या प्राटर भागात २००८पासून हाकोआचं नवं क्रीडासंकुल आहे.