'पोलिस केस होईल' ही भीती आली कुठून

कुणी स्वतःला इजा करून घेतली की घरात पहिलं वाक्य येतं ते म्हणजे "बाहेर कुठे बोलू नका, पोलिस केस होईल". आमच्याही घरात हेच झालं होतं, आणि त्या एका वाक्यापायी माझी मावसबहीण कितीतरी महिने डॉक्टरकडे गेलीच नाही. याचा राग मला आजही येतो.

पण ही भीती उगाच नव्हती. इंग्रजांनी 1860 साली केलेल्या भारतीय दंड संहितेत कलम 309 होतं, आत्महत्येचा प्रयत्न म्हणजे गुन्हा, एक वर्षापर्यंत कैद. विधी आयोगाने 1971 मध्येच सांगितलं होतं की हे कलम काढा. मग 1986 मध्ये मुंबई हायकोर्टात एका पोलिस कॉन्स्टेबलची केस आली, ॲक्सिडेंटमध्ये डोक्याला मार लागला आणि त्यानंतर त्यांना मानसिक आजार सुरू झाला होता, कोर्टाने कलमच घटनाबाह्य ठरवलं, म्हटलं अशा माणसाला उपचार हवेत, तुरुंगात त्याची तब्येत अजून बिघडेल. 1994 ला सुप्रीम कोर्टही तेच म्हणालं, पण 1996 मध्ये पाच न्यायाधीशांच्या पीठाने ते फिरवलं आणि कलम परत जिवंत झालं.

खरा बदल मानसिक आरोग्य सेवा कायदा 2017 ने झाला. त्याचं कलम 115 म्हणतं की प्रयत्न करणारी व्यक्ती तीव्र ताणाखाली होती असंच धरायचं (उलट सिद्ध झालं तरच वेगळं), तिला शिक्षा नाही, उलट तिची काळजी आणि उपचार ही सरकारची जबाबदारी. 1 जुलै 2024 पासून भारतीय न्याय संहिता आली त्यात तर जुनं 309 नाहीच.

आणि मुळात स्वतःला इजा करणाऱ्या प्रत्येकाला मरायचं असतं असं नाही हो. मनातलं सहन होईनासं झालं की अंगावरच्या वेदनेने क्षणभर मन शांत झाल्यासारखं वाटतं, कुणाला आतून सगळं सुन्न झालेलं असतं आणि काहीतरी जाणवावं असं वाटतं, कुणी स्वतःवरच चिडून शिक्षा देत असतं. तो आराम टिकत नाही, मागून लाज येते, लाजेने ताण वाढतो आणि परत तेच. 2013 मध्ये अमेरिकन मानसोपचार संघटनेच्या मॅन्युअलमध्ये मरण्याचा हेतू नसलेली इजा वेगळी नोंदवली गेली, पुढे अभ्यास व्हावा म्हणून. पण म्हणून हलक्यात घ्यायचं नाही, अशा लोकांना पुढे आत्महत्येचा धोका जास्त असतो. "अटेन्शन पाहिजे म्हणून नाटकं करते" हे वाक्य तर बंदच व्हायला हवं, बहुतेक जण हे लपूनच करतात!

मार्शा लिनेहान या अमेरिकन मानसशास्त्रज्ञांनी याच त्रासासाठी डीबीटी ही थेरपी उभी केली, भावनांची लाट आली की काय करायचं ते त्यात शिकवतात. 2011 मध्ये त्यांनी जाहीर सांगितलं की तरुणपणी त्या स्वतः यातून गेल्या होत्या.

आपल्याकडे ऑक्टोबर 2022 पासून सरकारची टेलिमानस हेल्पलाइन आहे, नंबर 14416, फुकट, चोवीस तास, मराठीत बोलता येतं. जीवाला लगेच धोका वाटला तर 112. आणि घरातलं कुणी असेल तर "का केलंस" असं दरडावून न विचारता "खूप त्रास होतोय का गं" असं विचारा, माझ्या बहिणीला शेवटी तिच्या आजीने असंच विचारलं आणि दुसऱ्या दिवशी दोघी मिळून डॉक्टरकडे गेल्या.