घरी ऑक्सिजन मशीन वापरणाऱ्या ग्राहकांसाठी: फ्लो स्वतःहून का वाढवू नये

आमच्याकडून ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटर भाड्याने नेलेल्या घरांतून रात्री येणारे बहुतेक फोन एकाच कारणाचे असतात. ऑक्सिमीटरवर (बोटाला लावून रक्तातील ऑक्सिजनचे प्रमाण टक्क्यांत दाखवणारे यंत्र) ९० किंवा ९१ दिसते, घरची मंडळी घाबरतात, फ्लो, म्हणजे मिनिटाला किती लिटर ऑक्सिजन सोडायचा तो प्रवाह, १ लिटरवरून ३ किंवा ४ वर नेतात आणि तरीही आकडा ९८ होत नाही म्हणून मशीन बिघडल्याचे कळवतात. आमचा माणूस पोहोचतो तेव्हा मशीन बहुधा ठीक असते. मात्र फ्लो वाढवलेला असतो, आणि कधी कधी सकाळपर्यंत रुग्णाला गुंगी आलेली असते. हे पत्रक त्यासाठीच लिहिले आहे.

श्वास दोन कामे करतो. श्वासपटल खाली सरकते, छाती फुगते आणि हवा आत ओढली जाते. ती श्वासनलिकेच्या फांद्यांमधून कोट्यवधी वायुकोशांपर्यंत पोहोचते. तेथे ऑक्सिजन रक्तात जातो, हे पहिले काम. शरीरात तयार झालेला कार्बन डायऑक्साइड रक्तातून बाहेर येऊन उच्छ्वासावाटे निघून जातो, हे दुसरे. आमचे मशीन फक्त पहिल्या कामाला मदत करते. दुसरे काम रुग्णाच्या फुफ्फुसांनाच करावे लागते, आणि ऑक्सिमीटर त्या दुसऱ्या कामाबद्दल काहीही सांगत नाही. बोटावर ९७ दिसत असतानाही रक्तात कार्बन डायऑक्साइड साठत असू शकतो.

आमच्या ग्राहकांत सीओपीडीचे, म्हणजे श्वासात अडथळा आणणाऱ्या फुफ्फुसांच्या दीर्घकालीन आजाराचे, रुग्ण सर्वांत जास्त आहेत. त्यांतील अनेकांनी वर्षानुवर्षे विडी-सिगारेट ओढलेली असते. अनेक आजींनी मात्र ती कधी हातातही धरलेली नसते, त्यांचे आयुष्य चुलीच्या धुरात गेलेले असते. या आजारात श्वासनलिका अरुंद होतात, वायुकोशांच्या भिंती झिजतात आणि आत गेलेली हवा पूर्णपणे बाहेर पडत नाही. अशा फुफ्फुसात शरीर स्वतःच एक तडजोड करते: ज्या भागात हवा नीट पोहोचत नाही तेथील रक्तवाहिन्या आकसतात आणि रक्त चांगल्या भागाकडे वळते. ऑक्सिजन गरजेपेक्षा जास्त दिला की त्या आकसलेल्या वाहिन्या पुन्हा सैल होतात, रक्त निकामी भागाकडे जाऊ लागते आणि तेथे कार्बन डायऑक्साइड बाहेर टाकला जात नाही. काही रुग्णांचा श्वासही मंदावतो. सकाळी डोके दुखणे, झोपेतून उठवले तरी डोळे न उघडणे, असंबद्ध बोलणे, हात थरथरणे ही त्याची लक्षणे आहेत. म्हणूनच अशा रुग्णांसाठी डॉक्टर सहसा ८८ ते ९२ हेच लक्ष्य ठेवतात. तुम्हाला कमी वाटणारा ९० हा आकडा त्यांच्यासाठी अगदी योग्य असू शकतो.

न्यूमोनियातून उठलेल्या किंवा फुफ्फुसे कडक झालेल्या रुग्णाचे लक्ष्य वेगळे असते, त्यामुळे शेजारच्या घरातला आकडा आपल्या रुग्णाला लावू नये. दम्यात श्वासनलिकेचे स्नायू आवळतात आणि आतून सूज येते. ती नलिका पंपातील (इनहेलरमधील) औषधाने मोकळी होते, ऑक्सिजनने होत नाही. दम्याचा झटका आला असता पंप बाजूला ठेवून केवळ मशीनवर विसंबणे धोक्याचे आहे.

मशीन ९३ टक्के शुद्ध ऑक्सिजन देत असताना १ किंवा २ लिटर पुरतो कसा, असेही विचारले जाते. खोलीतील हवेत ऑक्सिजन २१ टक्के असतो. नाकातल्या नळीतून येणारा प्रवाह श्वासाबरोबर ओढल्या जाणाऱ्या हवेत मिसळतो आणि २ लिटरवर श्वासातील प्रमाण सुमारे २८ टक्के होते. ऐकायला ही वाढ लहान वाटते; अनेक रुग्णांना ती पुरेशी असते. उलट ५ लिटरच्या मशीनवर फ्लोमीटरमधली (प्रवाह दाखवणाऱ्या नळीतली) गोळी ५ च्या वर नेल्यास शुद्धताच घटते.

आकडा कमी दिसला तर प्रथम रुग्णाला पाच मिनिटे स्वस्थ बसवावे, हात गरम करावा, नखावर रंग किंवा मेंदी असल्यास दुसऱ्या बोटाला ऑक्सिमीटर लावावे. मग नळीचे नाकातले टोक पाण्याच्या ग्लासात बुडवून बुडबुडे येतात का ते पाहावे. बुडबुडे नसतील तर नळी कुठे दबली आहे का, आणि मशीनला जोडलेल्या पाण्याच्या बाटलीचे झाकण तिरके बसले आहे का, ते तपासावे. हवा आली नाही असे सांगणाऱ्या बहुतेक घरांत झाकणच कारण निघते. एवढे करूनही आकडा डॉक्टरांनी सांगितलेल्या मर्यादेखाली राहिला, तर आमच्या आधी डॉक्टरांना फोन करावा. ओठ निळे पडले, बोलताना शब्द तुटू लागले किंवा गुंगी दिसली, तर १०८ वर फोन करून रुग्णवाहिका बोलवावी आणि ती येईपर्यंत भीतीपोटी मशीन बंद करू नये.

डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय आम्ही मशीन देत नाही, याबद्दल काही ग्राहक नाराज होतात. चिठ्ठीत फ्लो, लक्ष्य आणि रोजचे तास लिहिलेले असल्याशिवाय आम्ही फ्लोमीटरवर खूण करू शकत नाही, आणि खूण नसलेले मशीन घरात ठेवणे आम्हाला पटत नाही. तासांचेही महत्त्व आहे: दीर्घकाळ ऑक्सिजन लागणाऱ्या सीओपीडी रुग्णांना तो सहसा दिवसातून १५ तास किंवा अधिक घ्यावा लागतो. वीजबिलाच्या चिंतेने झोपण्यापूर्वी तासभर लावून भागत नाही.

भाड्यात दरमहा एक भेट समाविष्ट आहे. त्या भेटीत आम्ही शुद्धता मापकाने तपासतो, फिल्टर पाहतो आणि नळी खराब झाली असल्यास बदलतो. वीज वारंवार जाणाऱ्या भागातील घरांना आम्ही सोबत लहान सिलिंडर ठेवण्याचा आग्रह धरतो. त्याचे भाडे वेगळे आहे, परंतु लोडशेडिंगच्या रात्री तोच उपयोगी पडतो. बाटलीत डिस्टिल्ड वॉटरच वापरावे, मशीन भिंतीपासून फूटभर दूर ठेवावे, आणि गॅस, समई, उदबत्ती किंवा विडी त्या खोलीत पेटवू नये. मध्यरात्रीच्या भेटीचे वेगळे शुल्क आकारले जाते. मशीनमध्ये दोष आढळल्यास हे शुल्क घेतले जात नाही आणि त्याच वेळी दुसरे मशीन बसवून दिले जाते.