‘पुस्तकात असं नाहीये’ : सातारा-सांगलीच्या प्रेक्षकाची हरकत कुठून आली?

गाजलेल्या कादंबरीवर मालिका येणार अशी जाहिरात झळकली की सातारा-सांगलीकडच्या घरांत पहिला भाग लागायच्या आधीच चर्चा रंगते. हा नट त्या भूमिकेत शोभेल का, तो अमुक प्रसंग गाळणार तर नाहीत ना, शेवट बदलला तर काय? आणि पहिला भाग संपता संपता कुणीतरी म्हणतंच, ‘पुस्तकात असं नाहीये.’ या हरकतीला कुणी भाबडेपणा म्हणतं, कुणी किरकिर. मला दोन्ही पटत नाही. या बोलण्यामागे पावणेदोनशे वर्षांहून जुनी सवय आहे आणि ती याच भागात मुरलेली आहे.

५ नोव्हेंबर १८४३ रोजी सांगलीत विष्णुदास भावे यांनी ‘सीता स्वयंवर’ नाटकाचा प्रयोग केला. त्याच्या आदल्या वर्षी कर्नाटकातल्या कर्कीची भागवत मंडळी सांगलीत खेळ करून गेली होती. तसं काही आपल्याकडेही व्हावं, अशी संस्थानिक चिंतामणराव पटवर्धनांची इच्छा होती. त्या प्रयोगात सूत्रधार पदं म्हणायचा, पात्रं ऐन वेळी सुचेल तसं बोलायची, राक्षस आरोळ्या ठोकत यायचे. पण समोर बसलेल्या प्रत्येकाला गोष्ट आधीपासून पाठ होती. धनुष्य कोण मोडणार, सीता माळ कुणाला घालणार, यात कसलीच उत्कंठा नव्हती. लोक आले होते ते आपली गोष्ट हे लोक कशी सांगतात ते बघायला. म्हणजे मराठी नाटकाचा पहिला प्रेक्षकच मूळ कथा माहीत असलेला होता. कीर्तनात बुवांनी आख्यानात काही गाळलं तर पुढं बसलेली म्हातारी माणसं आठवण करून देत. तोच हक्क घेऊन तो प्रेक्षक नाटकाला आला.

पुढं सांगलीचेच कृष्णाजी प्रभाकर खाडिलकर यांनी महाभारतातला कीचक घेतला आणि १९०७ साली ‘कीचकवध’ रंगभूमीवर आणलं. प्रेक्षकांना कीचकाच्या जागी व्हाइसरॉय राहिलेला लॉर्ड कर्झन दिसला. १९१० मध्ये सरकारने नाटकावर बंदी घातली. मूळ कथा आणि समोर दिसणारी कथा यांतला फरक प्रेक्षक किती बारकाईने वाचतो, हे सरकारला तेव्हा पुरतं कळलं होतं.

त्याच सुमारास कादंबरी घराघरांत पोचत होती. हरि नारायण आपटे यांचं ‘करमणूक’ साप्ताहिक १८९० साली सुरू झालं आणि त्यातून कादंबऱ्या प्रकरणाप्रकरणाने येऊ लागल्या. आठवडाभर थांबायचं, मधल्या काळात तर्क लढवायचे, पुढचं प्रकरण आलं की एकाने वाचायचं आणि बाकीच्यांनी ऐकायचं. मालिका बघण्याची रीत आपण टीव्हीकडून शिकलो नाही, ती अशी छापील कागदावरून आलेली आहे. म्हणून सिनेमा आणि मालिका यांना मिळणारा प्रतिसादही वेगळा असतो. सिनेमा एका बैठकीत संपतो, आवडला किंवा नाही आवडला. मालिकेचा भाग आठवड्याला एकदाच येई तेव्हा मधले सहा दिवस प्रेक्षकाचे असत आणि त्या सहा दिवसांत तो मनातल्या मनात पुढचा भाग लिहीत असे.

आता येऊ ‘स्वामी’कडे, कारण या भागाच्या दृष्टीने सगळ्यात मोलाचं उदाहरण तेच. रणजित देसाई यांची माधवराव पेशवे आणि त्यांच्या पत्नी रमाबाई यांच्यावरची ही कादंबरी १९६२ सालची, तिला १९६४ मध्ये साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. १९८७ साली दूरदर्शनवर तिची मालिका आली. माधवराव रवींद्र मंकणी, रमाबाई मृणाल देव, म्हणजे पुढच्या मृणाल कुलकर्णी. दिग्दर्शन गजानन जागीरदार यांचं. याच जागीरदारांनी १९४४ च्या ‘रामशास्त्री’ चित्रपटात पेशवाईतले न्यायाधीश रामशास्त्री प्रभुणे साकारले होते. म्हणजे पेशवाई पडद्यावर कशी बोलते, कशी बसते-उठते, हे आधीच्या पिढीच्या डोळ्यांत ज्यांनी भरवलं, त्यांच्याच हाती पुढच्या पिढीची पेशवाई आली.

कादंबरी आणि मालिका यांच्या मधली ती पंचवीस वर्षं विसरून चालणार नाही. तेवढ्या काळात वाचनालयांतल्या प्रतींची पानं सुटी होईतो लोकांनी ‘स्वामी’ वाचली होती. माधवरावांचा चेहरा ज्याचा त्याने ठरवून ठेवला होता. त्यावर पडद्याने एकच चेहरा आणून ठेवला. तो स्वीकारला गेला, इतका की नंतर पुस्तक हाती घेणाऱ्यांना माधवराव मंकणींसारखेच दिसू लागले. पण स्वीकारण्याआधी घासाघीस झालीच.

आणि इथे सातारा-सांगलीचा संबंध निव्वळ वाचकाचा राहत नाही. माधवरावांच्या आई गोपिकाबाई वाईच्या रास्त्यांच्या लेक. रामशास्त्री प्रभुणे साताऱ्याजवळच्या क्षेत्र माहुलीचे. नाना फडणीसांचा वाडा वाईशेजारी मेणवलीत आजही उभा आहे. मिरजेचे गोपाळराव पटवर्धन त्या काळातल्या राजकारणाच्या ऐन मध्यभागी होते. माधवरावांचे काका राघोबादादा यांनी कारभार हाती घेतल्यावर १७६२-६३ च्या हिवाळ्यात गोपाळरावांकडून मिरज काढून घेतली, तेव्हा गोपाळराव निजामाकडे गेले. ऑगस्ट १७६३ मध्ये पेशवे आणि निजाम यांच्यात राक्षसभुवनची लढाई झाली, पटवर्धन परतले आणि मिरज त्यांना परत मिळाली. सांगली तेव्हा मिरजेच्याच जहागिरीत होती. भाव्यांना नाटक करायला लावणारे चिंतामणराव याच घराण्यातले. पुण्या-मुंबईच्या प्रेक्षकाला ही सगळी पात्रं होती, इकडच्याला ती गावची माणसं होती.

वाईला मावशीच्या वाड्यात हे मी जवळून पाहिलेलं आहे. ओसरीवर स्टुलावर टीव्ही, बूस्टर लावूनही पडद्यावर मुंग्या, आणि समोर सतरंजीवर आळीतली माणसं. गोपिकाबाई संतापल्या आहेत, असा प्रसंग चालू होता. आपल्या सख्ख्या मामाला, म्हणजे रास्त्यांना, माधवरावांनी केलेला दंड आणि त्यावरून आईने धरलेला अबोला ही गोष्ट वाईत कुणाला सांगावी लागत नाही. शेजारच्या आजी पुढे सरकून म्हणाल्या, “माहेरच्या माणसाला दंड झाल्यावर कुठली बाई गप्प बसेल हो? तिचीही बाजू दाखवा की. आमच्या वाईची पोर होती ती.” मावशीने कादंबरी दोनदा वाचलेली. ती म्हणाली, “अहो आजी, पुस्तकात त्यांचा एवढा राग येत नाही. तिथं त्यांच्या मनात काय चाललंय ते वाचायला मिळतं ना. इथं नुसता चेहरा दिसतो.” आजी काही हटल्या नाहीत. “मग ते मनातलं दाखवायला काय होतं?” एवढंच म्हणाल्या.

रूपांतराबद्दल मी पुढं पुष्कळ वाचलं, पण त्या दोघींनी ओसरीवर जे मांडलं त्याच्यापलीकडे फारसं काही सापडलं नाही. कादंबरीकार पात्राच्या मनात शिरू शकतो, कॅमेरा दाराशीच थांबतो. आत जायचं तर संवाद वाढवावे लागतात, आणि संवाद वाढवले की पुस्तक वाचलेल्याला ते परके वाटतात. ‘पुस्तकात असं नाहीये’ ही तक्रार अनेकदा नेमकी या जागी उमटते.

दुसरी हरकत इतिहासाची. ती इकडे जास्त ऐकू येते, त्यालाही कारण आहे. मिरजेत शिक्षक असलेल्या वासुदेवशास्त्री खरे यांनी १८९७ पासून पटवर्धनांच्या दप्तरातली पत्रं ‘ऐतिहासिक लेखसंग्रह’ म्हणून खंडाखंडाने छापली. साताऱ्यात दत्तात्रय बळवंत पारसनीस यांनी मेणवलीच्या दप्तरासह जुने कागद गोळा केले, १९०८ पासून ‘इतिहाससंग्रह’ मासिक चालवलं. खरेशास्त्री स्वतः नाटककारही होते, म्हणजे पुराव्याचा कागद आणि रंगमंचाची गरज या दोन्ही गोष्टी एकाच माणसाच्या टेबलावर होत्या. ज्या गावांत असे कागद छापले गेले तिथे ‘पण पत्रात काय आहे?’ हा प्रश्न चहाच्या टपरीवरही निघतो. ‘स्वामी’मधलं माधवराव-रमाबाईंचं हळवं सहजीवन पुष्कळसं देसायांच्या प्रतिभेतून आलेलं आहे. पण पुस्तक, मग मालिका, असा प्रवास होता होता ते लोकांच्या मनात इतिहास होऊन बसलं. मला यात लेखकाचा दोष दिसत नाही. कादंबरी म्हणून त्याने जे लिहिलं, ते इतिहास म्हणून आपण वाचलं.

एक गोष्ट मात्र आज ती मालिका बघताना टोचते. कादंबरीचा शेवट थेऊरला होतो, १७७२ च्या नोव्हेंबरात, माधवरावांच्या मृत्यूने आणि रमाबाईंच्या सती जाण्याने. मालिका आली त्याच १९८७ साली, सप्टेंबरात, राजस्थानात देवराळ्याला एका तरुण विधवेला सती म्हणून जाळलं गेलं आणि देशभर खळबळ माजली. पुढं सतीविरोधी कायदा झाला. रमाबाईंच्या शेवटाला हात जोडणाऱ्या प्रेक्षकाला आणि वर्तमानपत्र वाचणाऱ्या प्रेक्षकाला एकाच घरात बसावं लागलं. त्या शेवटाकडे निव्वळ प्रेमाची परमावधी म्हणून बघणं मला जमत नाही.

तिसरी हरकत भाषेची, आणि ती मला सर्वांत रास्त वाटते. ग्रामीण कथा पडद्यावर आली की प्रत्येक ‘ण’चा ‘न’ करायचा, चार ठिकाणी ‘लई’ पेरायचं, की झाली गावरान बोली, असा समज आहे. साताऱ्याचं बोलणं निराळं, माणदेशातलं निराळं, कोल्हापूरचं तर आणखीच. कोल्हापूर-सांगलीकडच्या बायका ‘मी आलो, मी जातो’ म्हणतात. पडद्यावरच्या सांगलीच्या सुनेच्या तोंडी हे किती वेळा ऐकू आलं? व्यंकटेश माडगूळकरांची ‘बनगरवाडी’ १९५५ सालची, औंध संस्थानाच्या काळातल्या धनगरवाडीची. माडगूळकर स्वतः आटपाडी तालुक्यातल्या माडगुळ्याचे. १९९५ मध्ये अमोल पालेकरांनी तिचा चित्रपट केला. त्या पुस्तकात कारभारी, शेकू, आनंदा रामोशी ज्या तुटक, कोरड्या बोलीत बोलतात, ती माणदेशच्या पावसाइतकीच मोजकी आहे. ती कानांत बसलेल्या माणसाला एका शब्दाचा हेलही खटकतो. उलट २०१७ साली ‘लागिरं झालं जी’ ही साताऱ्याकडची फौजी मुलाची मालिका आली. ती काही कादंबरीवर नव्हती, पण बोली ओळखीची निघाली म्हणून इकडच्या लोकांनी तिला आपली मानलं. पडद्यावर आपलं गाव दुसऱ्याच नावाने बघण्याची तर वाईकरांना सवयच आहे, ‘गंगाजल’मध्ये वाई बिहार झाली होती. गाव उसनं दिलं तरी चालतं, बोली मोडलेली चालत नाही.

गेल्या दहा वर्षांत हरकतीचं रूप बदललं. ना. सं. इनामदारांची ‘राऊ’ १९७२ ची. तिच्यावर दूरदर्शनची मालिका झाली आणि २०१५ मध्ये हिंदी चित्रपट. बाजीरावांना पेशवाईची वस्त्रं मिळाली ती १७२० मध्ये कराडजवळच्या मसूरला, पण चित्रपटावरचा वाद ना मसूरचा होता ना पुस्तकाचा. तो काशीबाई आणि मस्तानी एकत्र नाचल्या त्याचा होता. २०२५ च्या ‘छावा’ चित्रपटालाही आधार कादंबरीचाच, शिवाजी सावंतांची, १९७९ ची. प्रदर्शनाआधी संभाजीराजांचं लेझीम नृत्य काढून टाकावं लागलं. नंतर गणोजी आणि कान्होजी शिर्क्यांच्या चित्रणावर शिर्के घराण्याच्या वंशजांनी आक्षेप घेतला, दिग्दर्शकांनी दिलगिरी व्यक्त केली. संभाजीराजांचे पुत्र शाहू यांचा राज्याभिषेक १७०८ मध्ये साताऱ्यात झाला, तेव्हा या विषयावर साताऱ्यात आवाज चढणं साहजिक आहे. पण या वादांत ‘कादंबरीत काय आहे?’ असं विचारणारा जवळजवळ कुणी नव्हता. वाईच्या आजींची हरकत गोपिकाबाईंची बाजू नीट सांगा अशी होती. आताची हरकत अमुक दाखवूच नका अशी असते. पहिलीने लेखकाला काम दिलं, दुसरी त्याच्या हातातलं काढून घेते.

त्यात क्रमही उलटला आहे. पूर्वी पुस्तक आधी आणि पडदा नंतर होता. आता अनेकांना कादंबरीचं नाव पडद्यावरूनच कळतं आणि मग ते वाचनालयात प्रत शोधतात. मला हे वाईट वाटत नाही, वाचक कुठल्या का दाराने येईना. फक्त असा वाचक पानं उलटताना ‘मालिकेत असं नव्हतं’ म्हणतो, तेव्हा मालिकेतली भर कुणाची हे त्याला कुणी सांगितलेलं नसतं. भाग सुरू होताना पडद्यावर काही सेकंद पाटी झळकते, ‘अमुक कादंबरीवर आधारित’, आणि तिच्या खालीच ‘इतिहासाचा दावा नाही’. दोन्ही वाक्यं कायद्याच्या सोयीची. कुठला प्रसंग कादंबरीकाराचा, कुठला पत्रातला आणि कुठला संवादलेखकाने नव्याने घातला, हे ती पाटी सांगत नाही. वाई-मिरजेच्या प्रेक्षकाला नेमकं तेच हवं असतं, आणि भाग संपल्यावर यूट्यूबवर दहा मिनिटांत ते सांगणं निर्मात्यांना आज सहज जमण्यासारखं आहे.