फॅन आर्ट जमवणं वेगळं आणि सांगून काढून घेणं वेगळं

फॅन आर्टवर, म्हणजे आवडत्या कथेतल्या पात्रांच्या चाहत्यांनी काढलेल्या चित्रांवर, पैसे घालवणाऱ्या कोणालाही विचारा की बाबा का घेतोस, तर उत्तर ठरलेलं असतं, "आर्टिस्टला सपोर्ट." प्रिंट घेतली तरी हेच आणि कमिशन दिलं, म्हणजे पैसे देऊन हवं ते चित्र सांगून काढून घेतलं, तरी हेच. हे खोटं आहे असं नाही, पण त्याने प्रश्न सुटत नाही, कारण नुसता सपोर्टच करायचा असता तर पैसे पाठवून मोकळं होता आलं असतं, चित्र कशाला मागितलं? मागितलं म्हणजे काहीतरी हवं होतं. ते नेमकं काय हवं होतं हे स्वतःला कोणी विचारत नाही, आणि मग "कमिशन म्हणजे काय, कलेक्शनच की, फक्त जरा पर्सनल" असली वाक्यं ऐकायला मिळतात. ते कलेक्शन नाहीये.

जमवण्याबद्दल फार सांगत बसत नाही, ते सगळ्यांनाच माहितीये. टोकियोत कॉमिकेट हा फॅन्सच्या छापील कामाचा बाजार १९७५ ला सुरू झाला, चित्रं टाकायच्या साइट्सपैकी डेव्हियंटआर्ट २००० ला आली, पिक्सिव्ह २००७ ला, आणि तेव्हापासून आजपर्यंत गोष्ट तीच आहे: कोणीतरी स्वतःच्या हौसेने आपल्या लाडक्या पात्राचं काहीतरी काढलेलं असतं, ते आपल्याला दिसतं, आवडतं, आपण घेतो. यातला मोह म्हणजे सेट पूर्ण करायचा मोह. एका पात्राच्या सगळ्या प्रिंट, एका आर्टिस्टची सगळी झाइन्स (स्वतः छापलेल्या छोट्या पुस्तिका), आणि मग एक दिवस असा येतो की चित्र आवडलं म्हणून नाही तर रांगेत जागा रिकामी दिसते म्हणून आपण ते घेतो. हे ओळखायला सोपं आहे. आलेल्या प्रिंटचं पाकीट उघडून ती परत नीट बघावीशी वाटत नसेल तर ओळखा.

बाकीचे फरक किरकोळ आहेत. कमिशन महाग, कमिशनला थांबावं लागतं, स्लॉट, म्हणजे आर्टिस्टच्या कामांच्या यादीत जागा, मिळायला नशीब लागतं. हक्कांचे नियम देशोदेशी वेगळे आहेत, त्यामुळे चित्र छापायचं, विकायचं किंवा कुठे वापरायचं असेल तर आधी विचारून लेखी घ्या. वॉटरमार्क कापून पोस्ट करू नका, हे खरं तर सांगावं लागू नये.

आता खरा घोळ. लोक जमवणं आणि कमिशन यातला फरक समजावताना रेडीमेड कपडे आणि शिंप्याकडून शिवून घेतलेले कपडे असं उदाहरण देतात, आणि मला ते अजिबात पटत नाही. शिंप्याकडे माप तुमचं असतं आणि कपडा अंगावर बसला की काम बरोबर झालं. चित्रात असं माप नसतं. तुमच्या डोक्यात जे आहे ते तुम्हालाही पूर्ण दिसत नसतं, आणि समोरचा माणूस ते स्वतःच्या डोळ्यांनी बघून काढणार असतो. म्हणून कमिशन द्यायच्या आधी स्वतःला एकच प्रश्न विचारायचा: मला या आर्टिस्टचा हात हवाय की नजर?

जमवणारा कायम नजरच विकत घेतो. चित्र आधी झालेलं असतं आणि त्याची इच्छा मागून येते, त्या पात्राकडे दुसऱ्या कोणीतरी असं बघितलं हेच त्याला आवडलेलं असतं. कमिशनमध्ये इच्छा आधी येते आणि चित्र नंतर, त्यामुळे तिथे दोन्ही शक्य आहेत, आणि गडबड होते ती तोंडाने "तुमची स्टाइल फार आवडते" म्हणायचं आणि मागायचा मात्र हात, यात. पोज ठरलेली, अँगल ठरलेला, रंग ठरलेले, चेहऱ्यावरचा भाव चार ओळींत लिहिलेला, आणि स्केच आलं की "भुवई जरा वर, नाही नको, आधीची बरी होती." मग त्या आर्टिस्टची नजर राहिली कुठे?

हे आजचं नाहीये. इटलीतल्या मांटुआची राणीसारखी मानली जाणारी इझाबेला देस्ते, तिने १५०३ मध्ये पेरुजिनो या चित्रकाराशी करार केला, त्यात कोण कुठे उभं, कोण काय करतंय हे सगळं बारीक लिहिलेलं, आणि वर अट अशी की पात्रं कमी केलीस तर चालेल पण स्वतःच्या मनाचं काही घालायचं नाही. १५०५ मध्ये चित्र हातात आलं आणि बाई खूश नव्हत्या. त्याच इझाबेलाला बेलिनी या चित्रकाराकडूनही चित्र हवं होतं, तेव्हा १५०६ मध्ये बेम्बो या लेखकाने तिला पत्रातून कळवलं की बेलिनीला फार बारीक लिहून दिलेल्या अटी आवडत नाहीत, त्याला चित्रात मनासारखं फिरायची सवय आहे. मला तर वाटतं प्रत्येक ब्रीफ (काय काढायचं ते सांगणारा मजकूर) लिहिणाऱ्याने हे दोन प्रसंग लक्षात ठेवावेत.

हात हवा असणं वाईट आहे का? अजिबात नाही. स्वतःचं ओसी, म्हणजे स्वतः बनवलेलं पात्र असेल, वर्षानुवर्षं डोक्यात वाढवलेलं पात्र असेल आणि तुम्हाला स्वतःला काढता येत नसेल, तर ते एकदा डोळ्यांनी बघावं ही इच्छा अगदी प्रामाणिक आहे. तिथे रेफरन्स शीट, म्हणजे पात्र कसं दिसतं ते दाखवणारा कागद, द्या, व्रण डाव्या गालावर की उजव्या तेही सांगा, आणि अशी कामं मनापासून करणारे आर्टिस्ट शोधा, बरेच असतात. फक्त त्याला "तुमच्या कल्पनेने काढा" असं नाव देऊ नका.

या दोन्हींच्या आड अजून दोन कारणं लपलेली असतात, ती मान्य करायला जड जातात. एक म्हणजे शिक्का. माझी शिप (जमावी असं वाटणारी पात्रांची जोडी), माझा अर्थ, मूळ कथेत नसलेला माझा शेवट, तो कोणा नावाजलेल्या आर्टिस्टने काढला की मला तो जास्त खरा वाटतो आणि बाकीच्या फॅन्सना दाखवता येतो. हे ओळखायला स्वतःला विचारा, हे चित्र कधीच कोणाला दाखवता येणार नाही असं ठरलं तर मी तेवढेच पैसे देईन का? उत्तर "नाही" आलं तर लाज वाटून घेऊ नका, पण आपण चित्रासोबत आणखी काय विकत घेतोय हे कळू द्या.

दुसरं कारण म्हणजे त्या माणसाचं लक्ष. ज्याला आपण इतकी वर्षं लांबून फॉलो केलं तो आता आपल्या मेसेजला उत्तर देतोय, आपल्या पात्राचा विचार करतोय, काही आठवडे का होईना आपण त्याच्या टेबलावर आहोत. खूप गोड वाटतं ते, कळतं मला. पण चित्र मिळाल्यावर तो डीएममध्ये गप्प झाला की जे दुखतं ते यामुळेच, आणि त्यात त्याची काहीच चूक नसते, त्याने चित्र द्यायचं कबूल केलं होतं आणि दिलं. मैत्री हवी असेल तर ती स्लॉट घेऊन होत नाही.

मला स्वतःला विचाराल तर कमिशन नजरेसाठीच द्यावं. स्केब नावाची जपानी साइट आहे, २०१८ ला सुरू झालेली, तिथे तुम्ही विनंती पाठवता आणि आर्टिस्टने घेतली तर चित्र येतं, मध्ये चर्चा नाही, बदल मागायची सोय नाही. अनेकांना हे उद्धट वाटतं. मला हे फार प्रामाणिक वाटतं, कारण पैसे भरायच्या आधीच तुम्हाला ठरवावं लागतं की या माणसावर माझा विश्वास आहे की नाही.

तेव्हा ब्रीफ लिहायला बसाल तेव्हा आधी डोळ्यांसमोर असं आणा: चित्र आलंय, सुंदर आहे, पण तुमच्या मनात होतं तसं मुळीच नाहीये. आनंद झाला तर ब्रीफ तीन ओळींत संपवा, पात्र कोण, प्रसंग कोणता, काय नको, बास. चिडचिड झाली तर तुम्हाला हात हवाय, मग सगळं आधीच लिहा, रिव्हिजनचे पैसे वेगळे धरा आणि स्केच आलं की जे काय असेल ते तेव्हाच बोला, रंग भरून झाल्यावर नको.