आगीत कोसळलेल्या इमारती आणि जखमींचा दीर्घ पाठपुरावा

मुंबईत काळबादेवीच्या गोकुळ निवास या जुन्या इमारतीला ९ मे २०१५ रोजी आग लागली आणि ती विझवण्याचे काम सुरू असतानाच इमारत कोसळली. या दुर्घटनेत अग्निशमन दलाचे चार वरिष्ठ अधिकारी दगावले. त्यांपैकी दोघांचा मृत्यू घटनास्थळीच झाला, तर दलाचे प्रमुख सुनील नेसरीकर यांच्यासह दोघांचा पुढच्या पंधरवड्यात उपचार सुरू असताना झाला. अशा दुर्घटनेत भाजणे, ढिगाऱ्याखाली चिरडले जाणे आणि धूर-धूळ श्वासावाटे आत जाणे हे आघात एकाच शरीरावर होतात. त्यांपैकी भाजलेले तेवढे लगेच दिसते. उरलेल्या दोहोंकडे लक्ष जायला वैद्यकाला बराच काळ लागला.

चिरडण्याचे गूढ उलगडले ते दुसऱ्या महायुद्धातील लंडनमध्ये. जर्मन बॉम्बफेकीत घरे जळत आणि कोसळत होती, आणि ढिगाऱ्याखाली कित्येक तास हात किंवा पाय अडकून पडलेली माणसे जिवंत बाहेर काढली जात होती. सुटका झाल्यावर असा रुग्ण नीट बोलत असे, जखमही किरकोळ वाटत असे. पण काही तासांत अडकलेला अवयव सुजून टणक होई, रक्तदाब घसरे, लघवी काळ्या चहासारखी गडद होऊन तिचे प्रमाण घटत जाई आणि आठवड्याभरात मूत्रपिंडे निकामी होऊन तो दगावे. एरिक बायवॉटर्स आणि डेस्मंड बील या संशोधकांनी १९४१ मध्ये अशा चार रुग्णांची हकिगत प्रसिद्ध केली. सेइगो मिनामी या जपानी वैद्याने पहिल्या महायुद्धातील गाडल्या गेलेल्या सैनिकांविषयी हेच १९२३ मध्ये जर्मन भाषेत लिहून ठेवले होते, पण त्याची फारशी दखल घेतली गेली नव्हती. चिरडलेल्या स्नायूंतील मायोग्लोबिन हे मूत्रपिंडांना घातक प्रथिन आणि अति झाल्यास हृदयाला धोका देणारे पोटॅशियम दाब हटताच रक्तात उतरतात, हे पुढे स्पष्ट झाले. म्हणूनच आज शक्य असेल तेथे ढिगारा उचलण्यापूर्वीच सलाइन सुरू करतात, आणि रुग्ण बरा दिसत असला तरी पुढचे काही दिवस लघवीचे प्रमाण व रक्तातील पोटॅशियम तपासत राहतात. विलेम कोल्फ या वैद्याने नेदरलँड्समध्ये घडवलेले कृत्रिम मूत्रपिंड, म्हणजे रक्त शुद्ध करणारे यंत्र, युद्धानंतर लंडनच्या हॅमरस्मिथ रुग्णालयात पोहोचले आणि तेथे बायवॉटर्स यांनीच ते वापरून पाहिले.

भाजलेल्या रुग्णाचा पाठपुरावा जखम भरल्यावर संपत नाही, कारण व्रण आकसून सांधे जखडतात. त्यासाठी स्प्लिंट (सांधा सरळ धरणारी पट्टी), व्यायाम आणि दिवसाचा बहुतेक काळ घालायचे घट्ट दाबवस्त्र अनेक महिने लागते. मुंबईच्या दमट उन्हाळ्यात ते अंगावर ठेवणे ही स्वतंत्र शिक्षाच म्हणावी लागेल.

फुप्फुसांची बाब सर्वांत उशिरा पुढे आली. ११ सप्टेंबर २००१ रोजी न्यूयॉर्कचे जुळे मनोरे विमानांच्या धडकेनंतर लागलेल्या आगीने खिळखिळे होऊन कोसळले आणि शहराच्या अग्निशमन दलाचे ३४३ जण मृत्युमुखी पडले. वाचलेल्यांनी सिमेंट, जिप्सम आणि काचतंतूंची क्षारधर्मी धूळ श्वासावाटे घेतली होती. या दलात जवानांची श्वासक्षमता आधीपासून नियमित मोजली जात असे. माझ्या मते या साऱ्या इतिहासातील सर्वांत मोलाची गोष्ट हीच रटाळ नोंदवही ठरली, कारण आधीचे आकडे हाताशी नसते तर नुकसान सिद्धच करता आले नसते. पहिल्या वर्षातच श्वासक्षमता सरासरी ३७२ मिलिलिटरने घटली होती. वयोमानानुसार एवढी घट व्हायला सुमारे बारा वर्षे लागतात. २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासानुसार सात वर्षांनंतरही बहुतेकांची ही घट भरून निघाली नव्हती.

तरीही मोफत तपासणी आणि उपचारांना कायद्याचा भक्कम आधार मिळाला तो जानेवारी २०११ मध्ये, या धुळीने बाधित झालेल्यांसाठी आरोग्य योजना आणणाऱ्या अमेरिकेच्या झड्रोगा कायद्याने. २०१५ च्या अखेरीस त्या आरोग्य योजनेची मुदत २०९० पर्यंत वाढवण्यात आली. सप्टेंबर २०२३ मध्ये या धुळीशी निगडित आजारांनी दगावलेल्या न्यूयॉर्कच्या अग्निशमन कर्मचाऱ्यांची संख्याही ३४३ वर पोहोचली, आणि त्यानंतर ती वाढतच गेली आहे.