फॉरिन करस्पाँडंट

फॉरिन करस्पाँडंट हा ॲल्फ्रेड हिचकॉक यांनी हॉलिवूडमध्ये दिग्दर्शित केलेला दुसरा चित्रपट असून दुसऱ्या महायुद्धाच्या उंबरठ्यावरील युरोपात घडणारा तो एक कृष्णधवल इंग्रजी हेरपट आहे. वॉल्टर वँगर यांनी निर्मिलेला व युनायटेड आर्टिस्ट्सने वितरित केलेला हा सुमारे दोन तासांचा चित्रपट १६ ऑगस्ट १९४० रोजी अमेरिकेत प्रदर्शित झाला. छायालेखन रूडॉल्फ माटे यांचे, कलादिग्दर्शन अलेक्झांडर गोलिट्झेन यांचे आणि संगीत आल्फ्रेड न्यूमन यांचे असून मोठ्या देखाव्यांच्या व चमत्कृतींच्या आखणीसाठी विल्यम कॅमरन मेन्झीज यांना खास पाचारण करण्यात आले होते. हिचकॉक त्या वेळी निर्माते डेव्हिड सेल्झनिक यांच्याशी करारबद्ध होते आणि वँगर यांनी त्यांना या एका चित्रपटापुरते मागून घेतले होते.

ऑगस्ट १९३९ मध्ये न्यूयॉर्कमधील एका वृत्तपत्राचा संपादक युरोपातून येणाऱ्या पोकळ वार्तापत्रांना कंटाळून जॉनी जोन्स (जोएल मॅक्री) या गुन्हेवार्ता करणाऱ्या, राजकारणाचा गंधही नसलेल्या बातमीदाराला हंटली हॅव्हरस्टॉक असे भारदस्त नाव देऊन लंडनला धाडतो. एका तहातील गुप्त कलम मुखोद्गत असलेले वृद्ध डच मुत्सद्दी व्हान मेर (आल्बर्ट बासरमान) यांची ॲम्स्टरडॅममध्ये भर गर्दीत हत्या झाल्याचे जोन्स पाहतो. प्रत्यक्षात मारला गेलेला माणूस त्यांचा तोतया असतो आणि खऱ्या व्हान मेर यांना कटवाल्यांनी डांबून ठेवलेले असते. कटाचा सूत्रधार म्हणजे शांततावादी संघटनेचा सभ्य प्रमुख स्टीफन फिशर (हर्बर्ट मार्शल) होय. त्याच्याच मुलीवर, कॅरलवर (लॅरेन डे), जोन्सचे मन जडलेले असते. युद्ध जाहीर झाल्यावर अमेरिकेकडे निघालेले त्यांचे प्रवासी विमान जर्मन जहाजाच्या तोफगोळ्यांनी समुद्रात कोसळते आणि पाण्यावर तरंगणाऱ्या पंखावर सर्वांना जागा पुरणार नाही हे ओळखून फिशर स्वतःला लाटांच्या स्वाधीन करतो.

या चित्रपटाचे मूळ कोणते, याविषयी अभ्यासकांत एकमत नाही. वँगर यांनी अमेरिकन वार्ताहर व्हिन्सेंट शीअन यांच्या १९३५ साली प्रसिद्ध झालेल्या आत्मपर पुस्तकाचे हक्क सुमारे दहा हजार डॉलरना घेतले होते आणि बहुतेक संदर्भग्रंथांत त्यामुळे हा चित्रपट त्या पुस्तकावर आधारित असल्याचे नमूद केले जाते. शीअन यांचे पुस्तक मोरोक्कोतील रिफ युद्ध, चीनमधील क्रांती आणि १९२९ चे पॅलेस्टाइनमधील दंगे यांची साक्ष देणाऱ्या, राजकीयदृष्ट्या हळूहळू सजग होत गेलेल्या एका तरुण बातमीदाराचे आत्मनिवेदन आहे. (हेच शीअन पुढे महात्मा गांधींच्या ओढीने भारतात आले आणि ३० जानेवारी १९४८ रोजी गांधीजींची हत्या झाली तेव्हा ते दिल्लीच्या बिर्ला भवनाच्या आवारात हजर होते.) वँगर यांनी १९३८ च्या सुमारास या पुस्तकावर जॉन हॉवर्ड लॉसन यांच्याकडून पटकथा लिहून घेण्याचा प्रयत्न केला होता. स्पेनमधील यादवी युद्धावरचा त्यांचा आधीचा चित्रपट वादात सापडला होता आणि नव्या पटकथेतील उघड राजकारणही अडचणीचे ठरल्याने ती बाजूला पडली. पुढील दोन वर्षांत अनेक लेखकांचे हात कथेवरून फिरले. त्यांची संख्या वेगवेगळ्या चरित्रग्रंथांत वेगवेगळी दिलेली आढळते. अखेरीस पटकथेचे श्रेय चार्ल्स बेनेट व जोन हॅरिसन यांना, तर संवादांचे श्रेय जेम्स हिल्टन व रॉबर्ट बेंचली यांना देण्यात आले. पटकथाकार बेन हेक्ट यांचे नाव श्रेयनामावलीत नाही, तरी शेवटचा प्रसंग त्यांनी लिहिला याबाबत फारसे दुमत नाही.

शीअन यांच्या पुस्तकातून चित्रपटात नेमके काय उतरले, हे पाहिले तर वार्ताहराचा पेशा आणि युरोपची पार्श्वभूमी यांपलीकडे हाती काही लागत नाही. याउलट साध्या माणसाने योगायोगाने कटात ओढले जाणे, प्रतिष्ठित गृहस्थाच्या आड शत्रू दडलेला असणे आणि पाठलागाच्या ओघात प्रेम जुळणे ही सामग्री हिचकॉक व बेनेट यांनी १९३० नंतरच्या दशकात इंग्लंडमध्ये एकत्र केलेल्या हेरपटांतून जशीच्या तशी आलेली आहे. अमेरिकेच्या चित्रपट अकादमीनेही बेनेट व हॅरिसन यांना नामांकन दिले ते स्वतंत्र पटकथेच्या वर्गात, ही बाब येथे लक्षात घेण्यासारखी आहे. म्हणून पुस्तकाला निमित्त मानावे आणि खरे मूळ इंग्लिश हेरपटांत शोधावे, हे मत अधिक ग्राह्य वाटते.

गुप्त कलमाचे चित्रपटातील स्थानही याच परंपरेतले आहे. कटवाल्यांना व्हान मेर यांच्याकडून तहाचे सत्ताविसावे कलम काढून घ्यायचे आहे आणि सगळी धावपळ त्यासाठी चालते, परंतु ते कळल्याने युद्धावर काय परिणाम होईल याची प्रेक्षकाला शेवटपर्यंत फिकीर वाटत नाही. अशा नाममात्र कारणाला हिचकॉक मॅकगफिन म्हणत. हा शब्द त्यांनी १९३९ मध्ये कोलंबिया विद्यापीठातील व्याख्यानात वापरला होता. त्याचे जनकत्व सामान्यतः त्यांचे स्नेही व पटकथाकार अँगस मॅकफेल यांच्याकडे दिले जाते.

चित्रपटाचे खरे बळ त्याच्या सुट्या प्रसंगांत आहे आणि ते प्रसंग स्थळाच्या वैशिष्ट्यांतून रचलेले आहेत. फ्रेंच दिग्दर्शक फ्रांस्वा त्रुफो यांना दिलेल्या दीर्घ मुलाखतीत हिचकॉक यांनी सांगितले की, हॉलंडमध्ये काय असते, तर पवनचक्क्या आणि ट्यूलिप, येथून त्यांचा विचार सुरू झाला. चित्रपट रंगीत असता तर ट्यूलिपच्या शेतात खून दाखवून पाकळीवर पडणाऱ्या रक्ताच्या थेंबापर्यंत कॅमेरा नेण्याचा त्यांचा मानस होता. कृष्णधवल पडद्यावर त्यांनी त्याऐवजी पाऊस आणि छत्र्या घेतल्या. सभागृहाच्या रुंद पायऱ्यांवर छायाचित्रकाराच्या वेषातील मारेकरी कॅमेऱ्याला लागून धरलेल्या पिस्तुलाने तोतया व्हान मेर यांच्या चेहऱ्यावर गोळी झाडतो आणि खाली उभ्या जमावात शिरतो. कॅमेरा उंचावरून पाहत राहतो. पळणारा माणूस आणि त्याच्यामागे धावणारा जोन्स दोघेही दिसत नाहीत, दिसतात त्या केवळ एकापाठोपाठ एक हलत जाणाऱ्या काळ्या ओल्या छत्र्या, आणि त्या हालचालीवरून कोण कोठे पोहोचला हे प्रेक्षक अचूक ओळखतो. संपूर्ण पाठलाग चेहऱ्याविना आणि शब्दाविना कळतो. पडद्यावरील कथनाची इतकी निखळ उदाहरणे त्या काळच्या हॉलिवूडमध्ये थोडी आहेत. हा चौक हॉलिवूडमध्ये उघड्यावर उभारलेला देखावा होता आणि कृत्रिम पावसाचे पाणी वाहून नेण्यासाठी त्याखाली निचऱ्याची वेगळी सोय करावी लागली होती.

त्यानंतरचा पवनचक्कीचा प्रसंग तितकाच नावाजला गेला, परंतु त्यात एक तांत्रिक गोम आहे. रस्त्यावरून मारेकऱ्याची मोटार नाहीशी झाल्यावर चक्क्यांपैकी एकीची पाती वाऱ्याच्या विरुद्ध फिरत असल्याचे जोन्सच्या लक्षात येते. हा विमानाला दिलेला इशारा असतो. डच पवनचक्कीचा माथा फिरवून पाती वाऱ्यासमोर आणली जातात आणि पात्यांना दिलेल्या तिरपेपणामुळे ती एकाच दिशेने, म्हणजे समोरून पाहता घड्याळाच्या काट्यांच्या उलट दिशेने, फिरतात. ती उलटी फिरायची तर वारा माथ्याच्या मागून यायला हवा, किंवा आतील दातेरी चाकांवर दुसऱ्या कशाने तरी जोर द्यायला हवा. चित्रपट याचा खुलासा करण्यात वेळ दवडत नाही. शिवाय पोकळ जागेत लपणाऱ्या कटवाल्यांनी अख्ख्या माळरानावरून दिसेल असा इशारा का निवडावा, हाही प्रश्न उरतोच. मात्र आत शिरल्यावर शंका घेण्यास सवड मिळत नाही. लाकडी चाकांची करकर, चिंचोळा जिना, वरच्या मजल्यावर गुंगीचे औषध देऊन बसवलेले व्हान मेर, आणि चाकाच्या दात्यांत अडकलेली कोटाची बाही गुपचूप सोडवण्याची जोन्सची धडपड या सर्वांतून माटे यांच्या छायाप्रकाशाने जी भीती उभी केली आहे, ती आजही ओसरलेली नाही.

विमान कोसळण्याचे दृश्य हा तत्कालीन तंत्राचा कळस मानला जातो. वैमानिकांच्या खांद्यामागून पाहणाऱ्या कॅमेऱ्याला समुद्र वेगाने जवळ येताना दिसतो आणि पुढच्याच क्षणी, मध्ये कोठेही काप न घेता, पाणी काचा फोडून आत घुसते. यासाठी एका विमानाला समुद्राच्या दिशेने सूर मारायला लावून अगदी शेवटच्या क्षणी वर घेतले गेले व ते चित्रण देखाव्यातील विमानाच्या पुढे लावलेल्या पातळ कागदी पडद्यावर मागील बाजूने प्रक्षेपित करण्यात आले. पडद्यामागे पाण्याच्या टाक्या होत्या. ठरल्या क्षणी सोडलेल्या पाण्याच्या लोंढ्याने कागद फाडला, परंतु पाण्याच्या रेट्यात फाटणारा कागद दिसत नाही. अन्यत्र मात्र याच पार्श्वप्रक्षेपणाचे शिवण उघडे पडते. मोटारीच्या पाठलागात मागचा रस्ता आणि पुढचे प्रवासी वेगळ्या प्रकाशात असल्याचे सहज जाणवते.

दोष मुख्यतः कथेच्या सांधेजोडीत आहेत. पहिला तास एका दमात जातो, लंडनला परतल्यावर मात्र गती मंदावते. कॅरलला दूर नेऊन फिशरकडून कबुली मिळवण्याचा डाव अनेक खोल्यांमधल्या बोलण्यात रेंगाळतो आणि त्यात नायक काही काळ जवळजवळ बिनकामाचा ठरतो. त्याची जागा स्कॉट फॉलियट हा इंग्लिश वार्ताहर घेतो. जॉर्ज सँडर्स यांनी तो इतक्या सहज ऐटीत रंगवला आहे की मॅक्री यांच्यासारखा भला, मोकळा नट त्याच्यापुढे फिका वाटू लागतो. हिचकॉक यांना मूळात गॅरी कूपर हवे होते, परंतु अमेरिकेत हेरकथेला दुय्यम दर्जाची समजत असल्याने त्यांनी नकार दिला, असे हिचकॉक यांचेच म्हणणे आहे. नायक-नायिकेचे प्रेम एका बोटप्रवासात उमलते व विवाहाच्या निश्चयापर्यंत पोहोचते. हा संवाद गोड आहे, पण कॅरलला पुढे बापाच्या व प्रियकराच्या मध्ये उभे राहण्यापलीकडे काम उरत नाही.

राजकीय बाजूचा मोघमपणा हा आणखी गंभीर दोष होय. फिशर कोणत्या राष्ट्रासाठी हेरगिरी करतो हे बराच काळ स्पष्ट बोलले जात नाही. अमेरिका तटस्थ होती आणि सेन्सॉरव्यवस्था सावध होती, असे याचे कारण दिले जाते. तथापि वॉर्नर ब्रदर्सने १९३९ मध्येच नाझी हेरांना नावानिशी पडद्यावर आणले होते, तेव्हा हे कारण पुरेसे ठरत नाही. यातून एक अनपेक्षित लाभ मात्र झाला. कोणत्याही राष्ट्राचा शिक्का नसल्याने फिशर हा राक्षस न राहता आपल्या मुलीसमोर खाली मान घालणारा माणूस झाला, आणि विमानातील बापलेकीचा संवाद हा चित्रपटातील सर्वांत संयत अभिनयाचा भाग झाला आहे.

अभिनयात बासरमान यांचा उल्लेख वेगळा करावा लागतो. जर्मन रंगभूमीवरील हे थोर नट पत्नी ज्यू असल्याने देश सोडून आले होते. त्यांना इंग्रजी येत नसल्यामुळे त्यांनी संवाद उच्चारांवरून पाठ केले. डोळ्यांवर प्रखर दिव्यांचा झोत आणि कानांवर कर्कश संगीताचा मारा चालू असताना त्यांचे व्हान मेर सामान्य माणसांविषयी बोलतात, तेव्हा तोडके उच्चारच त्या बोलण्याला वजन देतात. एडमंड ग्वेन यांनी हसतमुख भाडोत्री खुनी रोली साकारला आहे. वेस्टमिन्स्टर कॅथीड्रलच्या मनोऱ्यावर जोन्सला लोटण्यासाठी दोन्ही हात पुढे करून तो थेट कॅमेऱ्याच्या अंगावर धावून येतो, हे काही सेकंदांचे चित्र विसरता येत नाही.

चित्रीकरण मार्च १९४० मध्ये सुरू झाले व मुख्य भाग मे अखेरीस संपला. दरम्यान १० मे रोजी जर्मनीने हॉलंडवर स्वारी केली, म्हणजे ज्या देशाचे देखावे हॉलिवूडमध्ये उभे होते तो देश त्याच आठवड्यात पडला. मूळ शेवट विमानप्रवासातील संभाषणाचा होता. हिचकॉक इंग्लंडला जाऊन आले आणि लंडनवर बाँबवर्षाव होणार असे त्यांना तेथे कळले. त्यानंतर हेक्ट यांच्याकडून नवा शेवट लिहवून घेऊन तो जुलैच्या पहिल्या आठवड्यात चित्रित करण्यात आला, असे सामान्यतः मानले जाते. त्यात जोन्स लंडनच्या नभोवाणी केंद्रातून बोलत असताना हवाई हल्ला सुरू होतो, दिवे जातात, आणि अंधारात तो अमेरिकेला आपले दिवे तेवत ठेवण्याचे आवाहन करतो. पार्श्वभूमीला अमेरिकेचे राष्ट्रगीत वाजते. हा भाग आधीच्या खेळकर सुराशी जुळत नाही, तो जोडलेला आहे हे लपत नाही, आणि तरीही तो चित्रपटातील सर्वांत प्रामाणिक प्रसंग आहे. लंडनवर सलग हवाई हल्ले ७ सप्टेंबर १९४० रोजी सुरू झाले, म्हणजे हे दृश्य प्रेक्षकांनी पाहिल्यानंतर तीन आठवड्यांनी. याच ऑगस्टमध्ये इंग्लंडमधील निर्माते मायकेल बाल्कन यांनी मायदेश युद्धात असताना हॉलिवूडमध्ये राहणाऱ्या चित्रकर्मींवर जाहीर टीका केली होती आणि तिचा रोख हिचकॉक यांच्यावरही होता. ती टीका या शेवटाकडे पाहता अन्यायकारक वाटते.

चित्रपटाला सर्वोत्कृष्ट चित्रपटासह सहा ऑस्कर नामांकने मिळाली, परंतु पारितोषिक एकही मिळाले नाही. सर्वोत्कृष्ट चित्रपटाचा मान हिचकॉक यांच्याच त्या वर्षीच्या दुसऱ्या चित्रपटाला, ‘रेबेका’ला, गेला. प्रेक्षकांचा प्रतिसाद चांगला असूनही सुमारे पंधरा लाख डॉलरचा खर्च भरून निघाला नाही. जर्मनीचे प्रचारमंत्री गोबेल्स यांनी शत्रूराष्ट्रांतील जनतेवर परिणाम करू शकणारी अव्वल प्रचारकृती म्हणून त्याची दखल घेतल्याचे सांगितले जाते. जोन्सऐवजी रोलीच मनोऱ्यावरून पडतो, त्या प्रसंगातून हिचकॉक यांनी उंच, सर्वपरिचित वास्तूवर संकटाचा कळस गाठण्याची जी रीत येथे हाताळली, ती त्यांनी १९४२ मध्ये न्यूयॉर्कच्या स्वातंत्र्यदेवतेच्या पुतळ्यावर आणि १९५९ मध्ये माउंट रशमोरच्या कोरीव चेहऱ्यांवर अधिक विस्ताराने वापरली.