उसना कोट आणि उसना जीन: व्हायरसवरचा रोजचा घोळ

शहाद्याकडच्या पपईवाल्यांना रिंगस्पॉट, म्हणजे पपईचा व्हायरसचा रोग, समजावायची गरज नाही. शेंड्याची पानं सुतळीसारखी बारीक, देठावर तेलकट रेघा, फळावर गोल चट्टे, आणि माव्याने क्षणभर सोंड खुपसली तरी शेजारचं झाड गेलं. पुढे.

डोक्याला ताप होतो तो जीएम (बाहेरचा जीन घातलेल्या) पपईचा विषय निघाल्यावर. हवाईतल्या रेनबो पपईच्या पेशीत रिंगस्पॉटच्याच कोट प्रोटीनचा (व्हायरसभोवतीच्या प्रथिनाच्या कवचाचा) जीन बसवलाय, १९९८ पासून ती लागवडीत आहे. मग कृषी केंद्रावर चहा पिता पिता कोणीतरी म्हणतोच, "आतला जीन अन् बाहेरून आलेला व्हायरस एक झाले तर रिकॉम्बिनेशन होईल भो!" (कोणी बीटी कपाशीपण मध्ये आणतो. तो जीन बॅक्टेरियाचा आहे, त्याला यातून सोडा.) भीती चूक नाही, पण दोन वेगळ्या गोष्टींना एकच नाव देतात ते मला सहन होत नाही.

पहिली गोष्ट ट्रान्सकॅप्सिडेशन, म्हणजे उसना कोट. झाड कोट प्रोटीन बनवून ठेवतं, दुसराच व्हायरस पेशीत शिरतो आणि त्याचा आरएनए (त्याच्या जीनचा मजकूर) ह्या तयार कोटात गुंडाळला जातो. १९९३ मध्ये हे दिसलं, मावा ज्याला वाहू शकत नव्हता तो झुकिनी यलो मोझॅक व्हायरसचा स्ट्रेन (उपप्रकार) प्लम पॉक्स ह्या दुसऱ्या व्हायरसच्या कोटाचा जीन असलेल्या झाडांवरून माव्याने दुसरीकडे नेला. पण नवीन झाडात गेल्यावर काय? आतला आरएनए जुनाच, तिथं उसना कोट बनवायला कोणी नाही, म्हणून पुढची पिढी पुन्हा स्वतःच्याच कोटात. उसना कोट घालून लग्न लावलेल्या माणसाचं पोरगं कोट घालून जन्माला येत नाही.

दुसरी गोष्ट खरं रिकॉम्बिनेशन, आणि इथं कोट नाही, जीनच उसना जातो. आरएनए व्हायरसची नक्कल करणारं एन्झाइम अर्ध्यात एका आरएनएवरून उडी मारून दुसऱ्यावर जातं, इथं झाडाने बनवलेल्या आरएनएवर, आणि पुढची नक्कल तिथून करतं. हाताने सातबारा उतरवताना डोळा चुकून शेजारच्या गटाच्या ओळीवर गेला आणि पुढचं सगळं तिथलंच उतरलं, तसं. आता ह्या चुकलेल्या उताऱ्यावरून जितक्या नकला निघतील त्या सगळ्यांत ती चूक जाणार, झाड बदललं तरी. वारसा इथं आहे, उसन्या कोटात नाही, आणि नेमकं हेच लोकांच्या डोक्यात बसत नाही.

टेस्टमध्येपण हाच गोंधळ. एलायझा ही व्हायरस ओळखायची नेहमीची टेस्ट कोट बघते, जीन बघत नाही, म्हणून व्हायरस पालटला की नुसता कोट पालटला ते पुढच्या झाडात नेऊन आणि सिक्वेन्सिंग करून (जीनचा मजकूर वाचून) च ठरवायचं.

१९९४ च्या प्रयोगातले "३ टक्के" सांगून घाबरवणाऱ्यांवर तर माझा विशेष राग. तिथं चवळीवरच्या एका व्हायरसच्या कोटाचा जीन मुद्दाम तोडला होता, आणि त्या जीनचा तुकडा असलेल्या तंबाखूच्या भाऊबंदातल्या झाडांना तो लंगडा व्हायरस टोचला. जोड मिळाली तरच तो झाडभर पसरणार होता, आणि सुमारे ३ टक्के झाडांत पसरला. म्हणजे हे घडू शकतं एवढं सिद्ध झालं, शेतातला आकडा नाही मिळाला, कारण शेतातल्या धडधाकट व्हायरसला जोड मिळवायची अशी निकड नसते. शिवाय रेनबोत झाड त्या कोटाच्या आरएनएचे तुकडेच करतं, रोगाला अडवतं ते त्यामुळेच, मग नक्कल करायला उरतंय किती? आणि एका झाडात दोन व्हायरस एकत्र आले की अशा उड्या जीएमशिवायही पडतात, ते मात्र कोणी बोलत नाही.

रावेर-यावलवाल्यांनी केळीचा स्ट्रीक व्हायरस यात घुसवू नये. तो केळीच्या बी जीनोममध्ये (एका रानकेळीकडून आलेल्या जीनसंचात) आधीच दडलेला असतो आणि टिश्यू कल्चरसारख्या ताणात कधी जागा होतो, बाहेरून कोणी यावं लागत नाही. आपल्या ग्रँड नैन वाणात बी जीनोमच नाही.